राहत्या घराचा लिलाव आणि सोडवणुकीचा हक्क

सरकारचा सारा थकला आणि त्या थकबाकीपायी जमिनीचा लिलाव झाला, तरी लिलावाच्या तारखेपासून तीस दिवसांच्या आत थकलेली रक्कम आणि खरेदीदारासाठी खरेदी किमतीवर शेकडा पाच एवढी भरपाई भरली असता तो लिलाव रद्द होतो व जमीन खातेदाराकडे परत येते. महसूल खात्यात कारकुनी करीत असता ही तरतूद मी कित्येक खातेदारांस वाचून दाखविली आहे, आणि ती ऐकून तालुक्याच्या कचेरीच्या पायऱ्या धावत उतरलेली व अठ्ठाविसाव्या दिवशी चलन भरून परत आलेली माणसेही पाहिली आहेत. सहकारी संस्थेच्या कर्जासाठी वसुली अधिकाऱ्याने स्थावर विकले, तर १९६१ च्या सहकारी संस्था नियमांतील १०७ व्या नियमात हीच सवलत आहे. मुदत तीच, शेकडा पाचही तेच. दिवाणी न्यायालयात गहाणाचा दावा चालून विक्रीचा हुकूमनामा झाला असला, तरी दिवाणी प्रक्रिया संहितेच्या चौतिसाव्या आदेशाप्रमाणे विक्री कायम होण्यापूर्वी कोणत्याही दिवशी ऋणकोने सर्व रक्कम आणि वर शेकडा पाच भरले, तर घर अथवा शेत त्याचे त्याला मिळते.

म्हणजे सरकार, सहकारी संस्था आणि दिवाणी न्यायालय या तिघांच्याही दारी हातोडा पडून गेल्यावरसुद्धा ऋणकोला काही दिवस मिळतात. परंतु आपल्या राहत्या घरावर बँकेचे कर्ज असेल आणि बँकेने २००२ च्या कायद्याचा, ज्यास व्यवहारात ‘सरफेसी’ म्हणतात त्याचा, आधार घेतला असेल, तर हे दार हातोडा पडण्याच्या कितीतरी आधी बंद होते. लिलावाची जाहीर नोटीस वर्तमानपत्रांत छापून आली की त्या दिवसापासून घर सोडवून घेण्याचा हक्क संपतो. नोटीस छापल्यावर प्रत्यक्ष लिलावास निदान तीस दिवस जावे लागतात, असे त्याच कायद्याचे नियम म्हणतात. फेरलिलाव असेल तर पंधरा. ह्या तीस दिवसांत घराचा मालक सर्व रक्कम हातात घेऊन बँकेच्या दारात उभा राहिला, तरी ती घेण्याचे बंधन बँकेवर नाही. हे वाचून पुष्कळांस खरे वाटणार नाही. मलाही प्रथम वाटले नव्हते.

मला ते वाटावयास लावणारा प्रसंग नोकरीच्या शेवटच्या वर्षांतील आहे. सरफेसीच्या १४ व्या कलमाप्रमाणे बँकेस ताबा मिळवून देण्याचे काम जिल्हादंडाधिकाऱ्यांकडे असते. त्यांचा हुकूम तहसीलदारांकडे येतो, आणि तहसीलदारांबरोबर पंचनामा लिहिण्यास कारकून लागतो. एका गावी आम्ही असे गेलो. घर दोन गुंठे बिनशेती जागेवर बांधलेले, विटांचे, वर स्लॅब. मालक चार एकरांचा कांदा-बाजरी करणारा शेतकरी. बरोबर पोलीस, कुलूपवाला, बँकेचे दोन अधिकारी. मी खोल्याखोल्यांतून फिरून यादी करू लागलो: कणगी एक, पितळी हंडे दोन, पाळणा एक, शिलाईचे यंत्र एक, देव्हारा. घराच्या मागच्या भिंतीस लागून गोठा होता व त्यात दोन बैल आणि एक गाभण गाय. गहाणखतात घर आणि जागा लिहिलेली. गोठ्याचे नाव नाही, गुरांचे तर नाहीच. गोठा ताब्यात घ्यावयाचा की कसे, यावर अर्धा तास खल झाला. अखेर बँकेचे अधिकारी म्हणाले, जनावरे तुमची, तुम्ही घेऊन जा. त्या बाईने, म्हणजे घरधनिणीने, ‘कुठं नेऊ, दादा?’ एवढेच विचारले. त्याचे उत्तर पंचनाम्यात लिहिण्याजोगे नव्हते.

हा प्रकार ताब्याचा. ताबा घेतला म्हणून मी बँकेस दोष देत नाही. कर्ज थकले होते ही गोष्ट खरी. पुढचे ऐकावे. काही महिन्यांनी लिलावाची नोटीस दोन वर्तमानपत्रांत छापून आली. ती वाचून त्या गृहस्थाचा मेव्हणा जागा झाला. त्याने आपली अर्धा एकर जमीन विकली, आणखी दोघा भाऊबंदांनी हातभार लावला, आणि नोटीस प्रसिद्ध झाल्यापासून अकराव्या दिवशी ही मंडळी व्याज-खर्चासह सर्व रक्कम घेऊन बँकेत गेली. लिलावास अजून वीस दिवस होते. बँकेने सांगितले, ‘आता मुदत संपली, आमचा इलाज नाही, घेतले तर वरून विचारणा होईल.’ लिलाव झाला. घर बाहेरगावच्या एका व्यापाऱ्याने घेतले. कुटुंब आज शेतावर पत्र्याच्या निवाऱ्यात आहे आणि मेव्हण्याने ज्या कारणासाठी जमीन विकली ते कारणच उरले नाही. यात कोणी कायदा मोडला असे मला सांगता येत नाही. कायद्याबरहुकूम सर्व झाले, आणि माझी तक्रार त्या कायद्यावरच आहे.

कायद्यात पूर्वी असे नव्हते. २००२ साली तो झाला तेव्हा १३ व्या कलमाच्या आठव्या पोटकलमात, विक्रीसाठी ठरविलेल्या तारखेपूर्वी केव्हाही सर्व रक्कम दिली तर बँकेने मालमत्ता विकू नये, अशी भाषा होती. २०१६ साली दुरुस्ती झाली. ती त्या वर्षीच्या १ सप्टेंबरपासून लागू झाली, आणि ‘विक्रीच्या तारखेपूर्वी’ ह्या जागी ‘जाहीर लिलावाची नोटीस प्रसिद्ध होण्याच्या तारखेपूर्वी’ असे शब्द आले. त्या शब्दांचा अर्थ काय, यावर काही वर्षे निरनिराळ्या उच्च न्यायालयांत मतभेद राहिला. २०२३ च्या सप्टेंबरात सर्वोच्च न्यायालयाने एका प्रकरणात निकाल देऊन नोटीस प्रसिद्ध होताच हक्क संपतो असे ठरविले. २०२५ साली त्याच न्यायालयाने पुन्हा तोच अर्थ लावला. मात्र ह्या कलमाच्या व त्याखालील नियमांच्या शब्दरचनेत मेळ नाही, तो सरकारने पाहावा, असेही सुचविले. न्यायालयाने कायद्याचे शब्द वाचले. ते बदलणे कायदेमंडळाचे काम आहे आणि म्हणून आपण बोलणे अवश्य आहे.

२०२३ च्या त्या प्रकरणातील ऋणको कोण होता हे लक्षात घेण्याजोगे आहे. तो मोटारींचा धंदा करणारी एक कंपनी होती, कर्ज शंभर कोटींच्या घरातले, आणि मालमत्ता मुंबईलगतची. लिलाव पुकारून झाल्यावर, बोली कायम झाल्यावर, अशा बड्या ऋणकोने येऊन व्यवहार मोडावा आणि प्रामाणिकपणे पैसे भरणाऱ्या खरेदीदारास हात हलवीत परत पाठवावे, हे बरे नव्हे, अशी ह्या नियमामागची दृष्टी आहे. ती समजते. बड्या लोकांच्या चालींसाठी दुरुस्ती केली गेली असेल तर ती त्यांस खुशाल लागू असावी. परंतु कायद्याने शंभर कोटींचा कारखानदार आणि आठ लाखांचे घर बांधणारा कांदेकरी यांस एकाच मापाने मोजले आहे. त्यात भर अशी की कारखानदाराचा वकील नोटिशीच्या आधीच जागा असतो आणि आपला शेतकरी नोटीस छापून आल्यावर जागा होतो. त्याचे नातेवाईक तर त्याहूनही उशिरा, कारण घराची अब्रू जाईल म्हणून तो त्यांस आधी सांगतच नाही. हे ज्याने खेड्यात आयुष्य काढले त्यास निराळे सांगावयास नको.

आता कोणी विचारील की शेतकऱ्याच्या घरास तर कायद्याचे संरक्षण आहेच, मग ही ओरड कशासाठी? संरक्षण आहे. १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ६० व्या कलमाने शेतकऱ्याच्या मालकीचे व त्याच्या वहिवाटीतले राहते घर, त्याची जागा, आणि त्या घरास अवश्य अशी लगतची जमीन, हुकूमनाम्याच्या जप्तीतून व विक्रीतून वगळलेली आहे. सरफेसीच्या ३१ व्या कलमातही अशा मालमत्तेस तो कायदा लागू नाही असे म्हटले आहे. पण तेथेच कंसात एक वाक्य घातले आहे, की ज्या मालमत्तेवर त्या कर्जाचा खास बोजा ठेवला असेल ती सोडून. घर बांधण्यास कर्ज घेतले की घरावर बोजा येतोच. मग संरक्षण कोणासाठी राहिले? ज्याने कर्जच घेतले नाही त्याच्यासाठी.

हा अपवाद नवा नाही. १८७५ च्या मे महिन्यात भीमथडी तालुक्यातील सुपे येथे रयतेने सावकारांचे दस्तऐवज जाळले, तेथून दंगे पसरले, सरकारने कमिशन नेमले आणि १८७९ साली दक्षिणेतील शेतकऱ्यांच्या निवारणाचा कायदा झाला. तो प्रथम पुणे, सातारा, सोलापूर व अहमदनगर या चार जिल्ह्यांस लागू केला. त्याच्या २२ व्या कलमाने शेतकऱ्याची स्थावर मिळकत हुकूमनाम्यापायी जप्त करता येऊ नये असे ठरविले. पण ज्या कर्जासाठी ती खास गहाण दिली असेल ते कर्ज वगळून. परिणाम काय झाला तो आपल्या आजोबा-पणजोबांनी पाहिला. साध्या रोख्यावर कर्ज देणारा सावकार गहाणखताशिवाय पैसा देईना, आणि पुढे गहाणखताऐवजी खरेदीखतच लिहून घेऊ लागला. तोंडाने मात्र ‘पैसे दिलेस की परत करीन’ असे म्हणे. त्यावर उपाय म्हणून त्या कायद्यात १०-अ हे कलम घालून खरेदीखताच्या आड दडलेले गहाण शोधण्याचा अधिकार न्यायालयांस द्यावा लागला.

तरीही त्या जुन्या कायद्यात एक गोष्ट होती जी आज नाही. त्याच्या १५-ब कलमाने गहाणाच्या दाव्यात, सोडवणुकीच्या असो की विक्रीच्या, रक्कम हप्त्यांनी भरण्याचा हुकूम देण्याची मोकळीक न्यायाधीशास होती. न्यायाधीश शेतकऱ्याचे पीक पाहून हप्ते बांधून देऊ शके. १९४७ चा शेतकरी ऋणनिवारणाचा कायदा आला आणि १८७९ चा रद्द झाला. आज सरफेसीखाली न्यायाधीशाची गाठच प्रथम पडत नाही. बँकच नोटीस देते, बँकच ताबा मागते, बँकच विकते. ऋणकोस कर्जवसुली न्यायाधिकरणाकडे पंचेचाळीस दिवसांत जाता येते खरे, परंतु दिवाणी न्यायालयाचे दार ३४ व्या कलमाने बंद आहे आणि न्यायाधिकरणे महाराष्ट्रात मुंबई, पुणे, नागपूर व छत्रपती संभाजीनगर येथे आहेत. तालुक्याच्या न्यायालयात जाऊन येण्यास शेतकऱ्यास एक दिवस पुरतो. तेथे त्यास वकीलही ओळखीचा मिळतो. न्यायाधिकरणास जावयाचे म्हणजे काय, ते ज्यावर आले त्यास विचारावे.

सहकारी बँक आपली, ती असे करणार नाही, अशी कित्येकांची समजूत आहे. ती सोडून द्यावी. ५ मे २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या पीठाने कोल्हापूर जिल्ह्यातील एका सहकारी बँकेच्या प्रकरणात, सहकारी बँकांसही सरफेसीचा उपयोग करता येतो असे निश्चित केले. म्हणजे तीच बँक १०७ व्या नियमाने वसुली करील तर आपणास लिलावानंतर तीस दिवस मिळणार, आणि सरफेसीने करील तर लिलावापूर्वीचे तीस दिवसही जाणार. रस्ता कोणता धरावयाचा हे बँक ठरविते. बँकेचे संचालक कोणता रस्ता धरतील हे सांगण्यास ज्योतिषी नको.

शेतजमिनीची गोष्ट निराळी आहे. सरफेसीच्या ३१ व्या कलमाने शेतजमिनीवरील गहाण त्या कायद्याबाहेर ठेवलेले आहे, आणि हे संरक्षण खरोखर मोठे आहे. मात्र २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने असे सांगितले की जमीन शेतीची आहे की नाही हे केवळ महसुली दप्तरातील नोंदीवरून ठरत नाही; ती प्रत्यक्षात कोणत्या उपयोगात आहे हे पाहावे लागते. सबंध आयुष्य ज्याने सातबारे लिहिले त्यास हे वाचून जरा वाईट वाटले, परंतु न्याय तोच आहे. म्हणून ज्यांनी शेतातच बिनशेती परवानगी काढून घर बांधले आहे त्यांनी त्या तुकड्यास शेतजमीन समजून निर्धास्त राहू नये.

गावठाणातील घरांचे काय, असा प्रश्न येईल. आजवर गावठाणातील घरास ग्रामपंचायतीच्या आठ नंबरच्या उताऱ्याखेरीज दुसरा कागद नसे. त्यामुळे बँका त्यावर कर्ज देत नसत आणि घरही सहसा लिलावात जात नसे. २४ एप्रिल २०२० रोजी केंद्र सरकारने स्वामित्व योजना जाहीर केली. ड्रोनने गावठाणांची मोजणी होऊन घरमालकांस मिळकत पत्रिका मिळू लागल्या. ही योजना उत्तम आहे. शेजाऱ्यांचे भिंतीवरून होणारे भांडण तीने मिटते, आणि पत पाहिजे त्यास पत मिळते. पण पत म्हणजे तारण आणि तारण म्हणजे, वेळ आली असता, लिलाव. पत्रिका वाटणाऱ्या अधिकाऱ्याने तिचे पहिले पान वाचून दाखविले, दुसरे कोणी दाखविले नाही. जी लाखो घरे आजवर कागदाच्या अभावी सुरक्षित होती ती आता प्रथमच ह्या कायद्याच्या कक्षेत येत आहेत. म्हणून हा कायदा दुरुस्त करण्याची निकड आज जितकी आहे तितकी दहा वर्षांपूर्वी नव्हती. प्रधानमंत्री आवास योजनेत खेड्यातील गरिबास सपाट प्रदेशात १,२०,००० रुपये मिळतात. आजच्या सिमेंट-लोखंडाच्या भावात तेवढ्यात घर पुरे होत नाही आणि वरची रक्कम उसनी काढावी लागते, हे आपणा सर्वांस ठाऊक आहे.

हप्त्यांचा हिशेबही एकदा मांडून पाहावा. आठ लाखांचे कर्ज, शेकडा नऊ व्याजाने, पंधरा वर्षांसाठी घेतले तर मासिक हप्ता सुमारे ८,११४ रुपये पडतो. नोकरदारास पगार महिन्याला येतो. आपणास कांदा उठला, ऊस गेला, सोयाबीन मोडले म्हणजे पैसा दिसतो. रिझर्व्ह बँकेने पीककर्जास हे ओळखले आहे: अल्प मुदतीच्या पिकांचे कर्ज दोन हंगाम थकल्याशिवाय ते थकीत खात्यात घालीत नाहीत. परंतु त्याच शेतकऱ्याचे साधे घरकर्ज मात्र नव्वद दिवसांत त्या खात्यात जाते. वरील हिशेबाने तीन हप्ते, म्हणजे २४,३४२ रुपये. एवढ्या रकमेपायी बँकेस साठ दिवसांची नोटीस देऊन सबंध आठ लाख एकदम मागता येतात. एका हातास दोन हंगाम आणि दुसऱ्या हातास नव्वद दिवस. माणूस मात्र तोच, शेतही तेच.

तेव्हा मागावयाचे काय? कर्जमाफी मागावी असे मी म्हणत नाही. आपल्यापैकी कित्येकांच्या ठेवी ह्याच बँकांत आहेत, आणि घेतलेले परत करू नये असे कोणी शिकविल्यास त्याने आपल्याच पेवास भोक पाडले असे समजावे. मागणी लहान आहे. कुटुंब ज्यात राहते असे घर, आणि कर्ज पंचवीस लाखांपर्यंतचे, एवढ्यापुरते १३ व्या कलमाचे आठवे पोटकलम बदलावे आणि विक्री कायम होईपर्यंत सर्व रक्कम, खर्च व खरेदीदारासाठी शेकडा पाच भरून घर सोडविण्याचा हक्क ऋणकोस परत द्यावा. चौतिसाव्या आदेशातील शब्द तयार आहेत. तेच उचलून इकडे बसवावे. पंचवीस लाखांचा आकडा माझा आहे. तो वीस असो अथवा तीस, त्यावर कोणी वाद घातला तर मी हट्ट धरणार नाही.

ह्याने लिलावात कोणी बोली लावणार नाही, असे बँकांचे म्हणणे पडेल. माझा अनुभव निराळा आहे. महसुली लिलावात ही सवलत पूर्वापार आहे व खरेदीदार येतात. चौदा लाखांची बोली परत गेली तर महिन्याभरात सत्तर हजार भरपाई हाती पडते, यात त्याचे वाटोळे काय झाले? बँकेचे तर काहीच जात नाही. तिला मुद्दल, व्याज व खर्च, सर्व मिळालेले असते. घराचा मालक पैसा घेऊन आला असता तो परत पाठवून तेच घर दुसऱ्यास विकण्यात बँकेचा कोणता फायदा, हे मला अद्याप कोणी समजावून सांगितलेले नाही.

ह्याखेरीज दोन गोष्टी किरकोळ वाटतील पण तशा नाहीत. साठ दिवसांची नोटीस इंग्रजीत येते. वर सांगितलेल्या गृहस्थाने ती आठवणपत्र समजून देव्हाऱ्यामागे खोवून ठेवली होती. पंचनामा करताना ती मीच काढली. ती मराठीत असावी आणि तिची एक प्रत ग्रामपंचायतीच्या फलकावर लागावी. अब्रू जाईल म्हणाल तर ती घर गेल्यावरही जातेच, आणि फलकावरची नोटीस वाचून मेव्हणा वेळेवर तरी येतो. दुसरी गोष्ट एक लाखाची मर्यादा. सरफेसीतून एक लाखापर्यंतच्या कर्जाचे तारण वगळलेले आहे. हा आकडा २००२ चा असून आजतागायत तसाच आहे. त्या वेळी एक लाखात दोन खोल्या उभ्या राहत. आज पायासुद्धा होत नाही. तो वाढविण्यास कोणाची हरकत असावी असे वाटत नाही. फक्त कोणी मागितले पाहिजे.

कायदा बदलेपर्यंत ज्यांच्यावर प्रसंग आहे त्यांनी इतके तरी करावे. साठ दिवसांची नोटीस हाती येताच, आपले म्हणणे लेखी देऊन पोच घ्यावी. बँकेने त्यास पंधरा दिवसांत कारणांसह उत्तर दिले पाहिजे असा कायदा आहे. येणे रक्कम मुद्दल व त्यावरील व्याज यांच्या शेकडा वीसाहून कमी राहिली असेल तर सरफेसी लागू होत नाही, म्हणून खात्याचा उतारा मागून हिशेब स्वतः करावा. आणि मेव्हण्यास, भावास, ज्याच्याकडून मदत होण्यासारखी आहे त्यास, नोटीस छापून येण्यापूर्वी सांगावे. ताबा गेला म्हणजे सर्व गेले असे समजून पुष्कळजण हात-पाय गाळतात. ताबा गेल्यावरही घर सोडविता येते. लिलावाची नोटीस निघाली की नाही.

आपल्या संघाच्या येत्या वार्षिक सभेत मांडण्यासाठी ठरावाचा मसुदा मी चिटणीसांकडे दिला आहे. त्यात वरील मागणी असून ती केंद्र सरकारच्या अर्थखात्याकडे व आपल्या भागाच्या खासदारांकडे पाठवावयाची आहे, कारण हा कायदा मुंबईचा नसून दिल्लीचा आहे. ज्या सभासदांकडे अशा नोटिसा आल्या आहेत त्यांनी त्यांच्या प्रती सभेपूर्वी संघाच्या कचेरीत आणून द्याव्या. नाव खोडून दिली तरी चालेल. तारखा मात्र खोडू नयेत, कारण नोटीस कधी निघाली आणि पैसा कधी जमला, यामधले दिवस मोजून दाखवावयाचे आहेत.